उन्हाळ्यात शहरात पायी फिरायचं तर आधी सावली शोधा

प्रश्न असा आहे: मोठ्या शहरात राहणाऱ्याला उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी दोन-तीन तास पायी भटकायचं आहे, कधी शहरातच, कधी शहराच्या वेशीबाहेर. वाट कशी निवडावी, कधी निघावं, सोबत काय घ्यावं आणि कुठे थांबावं?

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी बघायची ठिकाणं ठरतात, मग ती जोडणारी वाट, मग किलोमीटर. आणि ऊन म्हणजे टोपी घालून निभावून न्यायची गोष्ट. हिवाळ्यात हे चालून जातं. उन्हाळ्यात मात्र क्रम बदलावा लागतो. पहिली सावली, दुसरी वेळ, तिसरी वाट मधेच सोडून देण्याची सोय, आणि अंतर सगळ्यांत शेवटी. उघडे पूल आणि मोठे चौक ओलांडत केलेली पाच किलोमीटरची फेरी सावलीतल्या दहा किलोमीटरपेक्षा जास्त दमवते.

याचं कारण हवेच्या तापमानात नाही. मोबाइलवर दिसणारा हवामानाचा आकडा सावलीत, वारा खेळता असलेल्या पेटीत, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर मोजलेला असतो. गच्च झाडाखालची हवा आणि शेजारच्या उन्हातली हवा यांत फार तर एखाद-दोन अंशांचा फरक असतो. पण भर दुपारी निरभ्र आकाशातून दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊन जमिनीवर उतरतं, आणि शिवाय तापलेलं डांबर खालून, भिंत बाजूने उष्णता फेकत असते. हवा पस्तिशीत असताना उघडं डांबर साठीला पोचतं. त्यात चालणाऱ्याचं शरीर स्वतःही उष्णता तयार करतं: बसून असताना साधारण १०० वॅट, मध्यम वेगाने चालताना त्याच्या तिप्पट. सावलीत गेल्यावर या हिशेबातला सगळ्यांत मोठा आकडा एका फटक्यात गळतो. म्हणून ‘आज ३४ की ३६’ यावर फार खल करू नका. वाटेचा किती भाग सावलीत आहे ते बघा. निम्म्याहून कमी असेल तर ती वाट सकाळी नऊनंतर विसरा.

रस्त्यावरची सावली अंदाजाने सांगता येते, आणि हे एकदा जमलं की अनोळखी शहरातही वाट चुकत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या इमारती सावली देतात, म्हणजे पूर्वेच्या फुटपाथने चालायचं, दुपारनंतर पश्चिमेच्या. मध्ये, सूर्य माथ्यावर असतानाचा तास-दीड तास, दोन्ही बाजू उघड्या पडतात. पूर्व-पश्चिम रस्त्याचं गणित जरा तिरकं आहे. उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण शहरात दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून दक्षिणेच्या फुटपाथवर सावली. न्यूयॉर्क किंवा माद्रिद यांच्या अक्षांशावर, जूनच्या दुपारी, १५ मीटर उंच इमारतीची सावली साडेचार मीटरच्या आसपास पडते. फुटपाथ झाकायला तेवढी पुरते. पण उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे अगदी सकाळी आणि अगदी संध्याकाळी त्याच रस्त्यावर उत्तरेचा फुटपाथ सावलीत असतो. सकाळी साडेसहाला सावलीची म्हणून पक्की केलेली बाजू दहाला उन्हात दिसते ती यामुळे. दक्षिण गोलार्धातल्या मेलबर्न किंवा ब्यूनोस आयर्ससाठी उत्तर-दक्षिण उलटं करून घ्या.

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या शहरांना हे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उलट्या दिशेला असतो. १९ अंश उत्तर अक्षांशावर २१ जूनच्या दुपारी तो किंचित उत्तरेकडे कललेला असतो आणि त्याच १५ मीटरच्या इमारतीची सावली जेमतेम मीटरभर, तीही दक्षिणेला. थोडक्यात, उष्ण कटिबंधात दुपारी इमारतींच्या सावलीवर भिस्त ठेवायची नाही. झाड, ओसरी, छत, कमान असं डोक्यावर काहीतरी हवं. सिंगापूरच्या जुन्या पेठांमध्ये दुकानांपुढून सलग गेलेल्या झाकलेल्या ओसऱ्या आहेत. ब्रिटिश अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी १८२२ च्या नगररचनेतच त्यांची अट घातली होती, आणि दुपारी चालायला त्या आजही उपयोगी पडतात. इटलीतल्या बोलोन्या शहरात अशा कमानीखालच्या वाटा मिळून ६० किलोमीटरहून जास्त आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. त्यातली सान लूका टेकडीवर जाणारी एकच कमानमाला ६६६ कमानींची, पावणेचार किलोमीटर लांब आहे. चढ असूनही डोक्यावर ऊन नाही, अशी वाट शहरात क्वचितच मिळते.

रस्त्यांची जाळी दिशांना किती तिरकी आहे तेही नकाशात बघून घ्यावं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागाची जाळी खऱ्या उत्तरेपासून साधारण २९ अंश पूर्वेकडे फिरलेली आहे. त्यामुळे तिथल्या लांब अॅव्हेन्यूंवर दोन्ही फुटपाथ उघडे पडण्याची वेळ बाराची नसून उन्हाळ्यात दुपारी दीडच्या आसपासची आहे. आडवे रस्ते मेच्या अखेरीस आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मावळत्या सूर्याच्या बरोबर रेषेत येतात. फोटो काढणाऱ्यांची तेव्हा झुंबड उडते, पश्चिमेकडे चालणाऱ्याच्या मात्र थेट डोळ्यांत ऊन. बार्सिलोनाच्या एशाम्प्ला भागाची चौकट नगररचनाकार सेर्दा यांच्या १८५९ च्या आराखड्यात ४५ अंशांनी तिरकी ठेवली आहे, म्हणून तिथे भर दुपारीही एक बाजू सावलीला मिळते. बाजू ओळखायला अॅप लागत नाही. चौकात आल्यावर आधी सावली बघायची, मग सिग्नल. दोन-तीनशे मीटरसाठी रस्ता ओलांडायचा कंटाळा करू नये.

आणखी एक गोम घड्याळाची. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असं नाही. माद्रिदमध्ये उन्हाळ्यात तो सव्वादोनच्या सुमारास माथ्यावर येतो, कारण तिथलं घड्याळ भूगोलाच्या बरंच पुढे आहे आणि वर उन्हाळी वेळेचा एक तास. तिथे ‘अकरापर्यंत घरी’ हा नियम उगाच कडक ठरतो, तर घड्याळ सूर्याच्या मागे असलेल्या शहरात तोच नियम ढिला पडतो. सोपी खूण स्वतःची सावली. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य ४५ अंशांच्या वर गेला. त्यानंतर उघड्यावर चालणं आटोपतं घ्यावं.

आता वेळ. दिवसातला सगळ्यांत गार क्षण सूर्योदयाच्या आसपासचा, आणि सगळ्यांत गरम हवा सूर्य माथ्यावरून कलल्यानंतर दोन ते चार तासांनी. म्हणजे अतिनील किरणांचा कडेलोट आधी, उष्म्याचा नंतर. दुपारी चारला ऊन सौम्य वाटतं म्हणून निघालेला माणूस त्वचेला वाचवतो, पण गरम हवेच्या ऐन तडाख्यात सापडतो.

संध्याकाळ सकाळइतकी गार नसते, आणि शहराच्या गाभ्यात तर नाहीच. दगड, विटा, काँक्रीट दिवसभर शोषलेली उष्णता सूर्यास्तानंतर कित्येक तास सोडत राहतात. हवामानाचे अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच लंडनबद्दल नोंदवून ठेवलं होतं की शहर आणि आसपासचा गावाकडचा भाग यांच्या तापमानातला फरक रात्री जास्त असतो. म्हणून संध्याकाळच्या फेरीसाठी जागा बदलायची. दिवसा ज्या गच्च झाडीखाली बरं वाटतं तिथे रात्री उलट कोंडल्यासारखं होतं, कारण पानांचं छत जमिनीची उष्णता आकाशाकडे जाऊ देत नाही. उघडी हिरवळ, मैदान, तळ्याचा मोकळा काठ हे सूर्यास्तानंतर झपाट्याने निवतात. दिवसा झाडी, अंधार पडल्यावर मैदान. मोठ्या बागेत दोन्ही असतं, पण लोक दोन्ही वेळा एकाच वाटेने फिरतात.

समुद्रकाठाचं वेगळं आहे. समुद्रावरचा वारा सहसा सकाळी उशिरा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. काठावर वारा असतो, सावली नसते. वाऱ्यामुळे त्वचा भाजतेय हे कळतही नाही. तिथे उन्हं कलल्यावर जावं, आणि किनारा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर सूर्य क्षितिजाला टेकायच्या अर्धा तास आधी. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर मागच्या इमारतींची सावली चारनंतर वाळूवर सरकू लागते, हा फायदा फार कमी जण घेतात.

वारा नेहमी मित्र असतो असंही नाही. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगाला उष्णता आणून देतो. कोरड्या हवेत घाम झपाट्याने उडतो म्हणून तरीही निभतं. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, आणि ओघळलेल्या घामाने शरीर निवत नाही. अशा शहरांत तापमानाऐवजी दवबिंदू बघा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत निवली की दव धरू लागेल तो आकडा; तो जितका जास्त तितकी हवा दमट. तो २० च्या आत असेल तर खुशाल फिरा. २४ च्या वर गेला की वेग आणि अंतर दोन्ही कापा, हवा ३० असली तरी.

वाट आखायची तर कागदावर अशी आखा. सुरुवात आणि शेवट दोन वेगळ्या स्थानकांवर ठेवा, गोल फेरी नको. गोल फेरीत निम्म्यावर दमलं तर उरलेली निम्मी चालावीच लागते. लांबच लांब वाटेत दर दीड-दोन किलोमीटरला बस किंवा मेट्रो गाठता येईल असे ‘सुटके’ हवेत. ते नकाशावर आधीच खुणावून ठेवा. सकाळी शक्यतो पश्चिमेकडे चाला आणि संध्याकाळी पूर्वेकडे, म्हणजे ऊन पाठीवर राहतं, डोळ्यांत नाही. फक्त मानेची मागची बाजू झाका. उघडा पट्टा, म्हणजे पूल, धरणाची भिंत, मोठा चौक, सकाळच्या फेरीत सगळ्यांत आधी घ्या आणि संध्याकाळच्या फेरीत सगळ्यांत शेवटी. चाळीस-पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं बसता येईल अशी गार जागा हवी: वाचनालय, संग्रहालय, स्थानकाचं जमिनीखालचं दालन, जुनं दगडी प्रार्थनास्थळ. जाड भिंतींची वास्तू दुपारीही थंड असते. संग्रहालयाची साप्ताहिक सुटी आणि उघडण्याची वेळ आदल्या दिवशी तपासा. ज्या गारव्याच्या भरवशावर निघालो त्याचंच दार बंद, हे हमखास घडतं.

सावली बघायला उपग्रहचित्र चांगलं, पण त्यात दोन फसव्या गोष्टी असतात. चित्र बहुतेक वेळा सकाळी उशिरा काढलेलं असतं, त्यामुळे दिसणारी सावली त्या वेळेची. तुमच्या वेळेला ती दुसऱ्या बाजूला असेल. आणि झाडं हिवाळ्यातली असतील तर निष्पर्ण दिसतील, किंवा उलट, चित्रानंतर तोडलीही गेली असतील. रस्त्यावरून काढलेले फोटो आणि त्यांची तारीख जुळवून बघा. नव्या विहारमार्गांवर लावलेली मनगटाएवढ्या खोडाची रोपं माहितीपत्रकात हिरवी दिसतात, सावली मात्र पुढची काही वर्षं देत नाहीत. न्यूयॉर्कची हाय लाइन ही जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरची सव्वादोन किलोमीटरची बाग सुंदर आहे, पण तिचे बरेच पट्टे उघडे आहेत. जुलैत ती सकाळी उघडल्या उघडल्या किंवा संध्याकाळी बघायची. पॅरिसची तशीच जुन्या रेल्वेमार्गावरून जाणारी हरितवाट जास्त दाट आहे.

शहरातल्या सगळ्या वाटांमध्ये माझी पहिली पसंती पाण्यालगतच्या, रस्त्याच्या पातळीखाली उतरलेल्या वाटांना. कालव्याचा काठ, ओढ्याचं पात्र, जुन्या खंदकातली बाग. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये चॉन्गेचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडून २००५ मध्ये सुमारे ५.८ किलोमीटरची ओढ्याकाठची वाट खुली केली. वरच्या वाहत्या रस्त्यापेक्षा खाली काही अंशांनी गार असतं, गोंगाटही कमी. पण अशा खोलगट वाटांचा धोका पावसाचा. उन्हाळी वादळात पाणी मिनिटांत चढतं. चॉन्गेचॉनला जोराचा पाऊस आला की लोकांना बाहेर काढून वाट बंद करतात. वर जाणाऱ्या जिन्यांची जागा लक्षात ठेवल्याशिवाय खाली उतरू नका, आणि दूरवर ढग गडगडले की पाणी दिसायची वाट पाहू नका.

जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्याही चांगल्या. इमारतीची उंची गल्लीच्या रुंदीएवढी किंवा जास्त असली की दिवसाचा मोठा भाग सावली राहते. बिघडतं ते वातानुकूलन यंत्रांमुळे. मागच्या बोळांमध्ये ओळीने बाहेरचे पंखे गरम हवा सोडत असतात. अशी बोळं टाळा. काचेच्या उंच इमारतींच्या पश्चिम बाजूलाही दुपारनंतर जाऊ नका. काच ऊन परावर्तित करते आणि तुम्हाला दोन्हीकडून झळ बसते.

शहराबाहेर, पण सार्वजनिक वाहनाने पोचता येईल अशा वाटांचं नियोजन लंडनकडून शिकण्यासारखं आहे. तिथली कॅपिटल रिंग ही १२६ किलोमीटरची वाट १५ टप्प्यांत तोडलेली आहे आणि बाहेरची लंडन लूप सुमारे २४० किलोमीटरची, २४ टप्प्यांत. टप्प्यांची टोकं सार्वजनिक वाहतुकीला जोडलेली, त्यामुळे एका सकाळी एक टप्पा करून घरी परतता येतं. तुमच्या शहराभोवती अशी आखीव वाट नसेल तर लोकल गाडीची किंवा बसची शेवटची चार-पाच स्थानकं घ्या आणि त्यांना जोडणाऱ्या ओढा, तलाव, टेकडी, वनखात्याच्या वाटा नकाशावर शोधा. दोन लगतच्या स्थानकांमधलं सात-आठ किलोमीटर अंतर उन्हाळ्यासाठी नेमकं.

टेकडीवर गारवा मिळतो हे खरं, पण किती ते मोजून घ्या. शंभर मीटर चढलं की हवा साधारण ०.६ अंशाने उतरते. पाचशे मीटरच्या डोंगरावर तीन अंश, एवढंच. झाडी असेल तर त्याचा उपयोग, उघड्या धारेवर नाही. टोकियोजवळचा ५९९ मीटरचा ताकाओ डोंगर शहरातल्या शिंजुकू स्थानकाहून रेल्वेने तासाभरात गाठता येतो. त्याच्या अनेक वाटांपैकी सहा क्रमांकाची वाट ओढ्याच्या कडेने, दाट झाडीतून वर जाते. उन्हाळ्यात तीच घ्यावी. हाँगकाँगची ड्रॅगन्स बॅक ही डोंगरधार मात्र बरीचशी उघडी. दृश्य अप्रतिम, जुलैच्या दुपारी तिथे जाणं शहाणपणाचं नाही. सकाळी सातच्या आत धार संपवून पलीकडच्या समुद्रकिनाऱ्याकडे उतरायचं.

चढ कोणत्या बाजूने घ्यायचा याचाही नियम आहे. सकाळी डोंगराची पश्चिम बाजू सावलीत असते, तिकडून चढा. दुपारनंतर पूर्वेची. वेळेचा अंदाज घ्यायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ चा नियम अजून कामाला येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. यात विश्रांती धरलेली नाही. दमट उन्हाळ्यात या वेळेवर निम्मा वेळ वाढवून धरा. शहरात सिग्नल, गर्दी आणि सावलीसाठी बदलावी लागणारी बाजू धरून तासाला साडेतीन किलोमीटरपेक्षा जास्त हिशेब लावू नका.

हवेच्या प्रदूषणाबद्दल एक गैरसमज आहे की शहराबाहेर पडलं की सुटलो. धूळ आणि धुराच्या बाबतीत बव्हंशी खरं. गर्दीच्या रस्त्याऐवजी एक गल्ली आतून चाललं तरी फरक पडतो. पण जमिनीलगतचा ओझोन वेगळा वागतो. तो उन्हात, वाहनांच्या धुरातल्या वायूंपासून तयार होतो, दुपारी ते संध्याकाळच्या सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, आणि वाऱ्याच्या दिशेने शहराबाहेरच्या भागात अनेकदा गाभ्यापेक्षा जास्त साचतो. दमा असणाऱ्याने स्वच्छ निळ्या आकाशाच्या, शांत, कडक उन्हाच्या दुपारी टेकडीवर दम लागेपर्यंत चढू नये. छातीत आवळल्यासारखं आणि खोकल्याची उबळ ही खूण.

पाणी. उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जातो. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही आणि एकदम अर्धा लिटर ढोसायचंही नाही. दर वीस मिनिटांना दीडशे ते दोनशे मिलिलिटर, म्हणजे सात-आठ घोट. दोन तासांच्या फेरीला माणशी दीड लिटर बरोबर घ्या; वाटेत पिण्याच्या पाण्याचे नळ असतील तर एक लिटर पुरे, पण नळ चालू आहेत याची खात्री हवी. एक बाटली आदल्या रात्री पाऊण भरून बर्फ करून ठेवा. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, काठोकाठ भरली तर बाटली फुटते. दुसरी बाटली साध्या पाण्याची असू द्या, नाहीतर पहिला तास नुसता बर्फ हलवत बसावं लागतं.

दोन तासांपेक्षा जास्त चालणार असाल आणि अंगावरच्या कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग उमटत असतील तर नुसतं पाणी पुरत नाही. फार पाणी आणि मीठ शून्य अशाने रक्तातलं सोडियम उतरतं: मळमळ, डोकेदुखी, गोंधळ. लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात आणि आणखी बिघडवतात. कोणत्याही तासात दीड लिटरच्या वर पाणी जाऊ देऊ नका. खारट काहीतरी खा, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असं मिश्रण न्या. चमचा चहाचा, आणि खरोखर सपाट. मीठ जास्त झालं तर फायद्याऐवजी तोटा. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीची काही औषधं, बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकारावरच्या गोळ्या) आणि काही मानसोपचाराची औषधं शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात. ती चालू असतील तर फेरी अर्ध्यावर आणा.

कपड्यांत सैलपणा महत्त्वाचा, रंग त्यानंतर. पूर्ण बाह्यांचा सैल सदरा अर्ध्या बाह्यांच्या घट्ट बनियनपेक्षा गार पडतो. टोपीला चारही बाजूंनी सात-आठ सेंटिमीटर कड हवी. समोर चोच असलेली टोपी कान आणि मान उघडी टाकते. उघड्या वाटेवर छत्रीसारखं दुसरं काही नाही, विशेषतः बाहेरून चंदेरी लेपाची. तरुण मंडळी लाजतात, पण स्वतःबरोबर चालणारी सावली आणखी कशाने मिळत नाही. सनस्क्रीन चेहरा आणि मानेला दोन बोटांवर लांबीभर घेतलं तरच पुरेसं. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावावं, दर दोन तासांनी पुन्हा.

उष्णतेने पाय सुजतात. हिवाळ्यात बरोबर बसणारा बूट उन्हाळ्यात दीड तासाने अंगठ्याला लागतो. अर्धं माप मोठं, वरून जाळीदार, तळवा जाड; तापलेल्या फरशीवर पातळ तळव्याची चप्पल पाय भाजते. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड येतात, कृत्रिम धाग्याचे किंवा लोकर मिसळलेले बरे. पायात कुठे चुरचुरलं की त्या क्षणी थांबून कापडी चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या स्थानकावर बघू’ म्हणेपर्यंत फोड तयार. मांड्या घासतात तिथे निघतानाच व्हॅसलीन.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला लागोपाठच्या दिवसांत हळूहळू वाढवत जा. शरीराला उष्म्याची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात: घाम लवकर येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. थंड ठिकाणाहून आलेल्या पाहुण्याला पहिल्या दिवशी तुमच्या रोजच्या वाटेवर नेऊ नका. नेहमीच्या अंतराचा पाचवा भाग पुरे. उन्हाळ्यातल्या पहिल्या कडक दिवशी स्थानिकांचीही अवस्था पाहुण्यांसारखीच असते.

बिघडायला लागलं की क्रम असा दिसतो. पिंढरीत गोळा, मग डोकं जड, मळमळ, थंड ओली त्वचा, चक्कर. इथपर्यंत सावलीत आडवं करणं, पाय किंचित वर, बूट-मोजे काढणं, घोट घोट पाणी एवढ्याने अर्ध्या तासात फरक पडतो. त्या दिवशी पुन्हा चालायचं मात्र नाही. बोलणं असंबद्ध झालं, पावलं लडखडू लागली, माणूस चिडचिडा किंवा गुंगीत गेला, तर तो उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा समज घातक आहे, कारण चालणाऱ्यांच्या उष्माघातात घाम बऱ्याचदा चालू असतो. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत नुसती वाट बघत बसू नका. जे पाणी हाताशी असेल ते अंगावर ओता, वारा घाला, बर्फाची बाटली मान, काख, जांघ इथे आळीपाळीने धरा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही देऊ नका.

वादळाचं: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. उघड्या बागेतलं एकटं झाड ही सगळ्यांत वाईट जागा. दिवसभर सावली दिली म्हणून लोक नेमके त्याच्याच खाली धावतात.

लहान मुलं बरोबर असतील तर अंतर त्यांच्या पायांवरून नको, त्यांच्या उंचीवरून ठरवा. त्यांचं डोकं तापलेल्या फरशीच्या जवळ असतं, आणि बाबागाडीतलं मूल तर आणखी खाली. गाडीवर कापड टाकून सावली करू नये, आतली हवा कोंडून तापते. छत्री अडकवा. कुत्र्याला नेणार असाल तर हाताची मागची बाजू फरशीवर सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर त्याला घरीच ठेवा आणि रात्री हिरवळीवर न्या.